इंजिन हवा ओढतंय

३ मार्च

भावोजी,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, तरी मी लिहितेय. दीर रुसले म्हणून भावजयही रुसून बसली, तर ह्या घरात टपालवाल्याला कामच उरायचं नाही. तुमचे दादा तर कागदाला हात लावत नाहीत. "लिही, सगळं बरं आहे," एवढंच म्हणतात आणि मी ते दरवेळी इमानाने लिहिते.

तर सगळं बरं आहे. थंडी अजून हटत नाही. मासळीच्या शेडमध्ये दिवसभर पेट्यांत बर्फ भरून बोटं परक्याची होतात, घरी शेगडीपाशी बसल्यावर हळूहळू माझी होतात. होडी रोज पैलकाठच्या बाजारगावाला जाऊन येते. तलावाच्या ह्या काठाला माणसं कमीच राहिलीत आता. शाळेच्या बाई, दवाखान्याला जाणारे, भाजीवाल्या आणि आपला शिंपी, एवढे ठरलेले. शिंप्याचं अजून तेच. होडी सुटली की त्याचं तोंड सुटतं, ते पलीकडचा धक्का लागेपर्यंत. बाकीचे वैतागतात, हे मात्र सुकाणूचा दांडा धरून मान डोलावत बसतात. परवा शिंपी मला म्हणाला, "तुमचा नवरा लाखात एक आहे. माझी बायकोसुद्धा माझं एवढं ऐकून घेत नाही."

तुम्ही शहरातल्या कारखान्यात रात्रंदिवस इंजिनंच उघडता, म्हणून आपल्या इंजिनाची बातमीही देते. तुम्ही दोघा भावांनी मिळून होडीमागे टांगलेलं ते दोन सिलिंडरचं धूड हिवाळाभर कुरकुरत होतं. आता एकदम खुशीत आलंय. पटकन वेग घेतं, धूर कमी, पेट्रोलही कमी पितं. खोड एकच. धक्का जवळ आला की हे रेस कमी करतात, पण इंजिन लगेच ऐकत नाही, आपलं त्याच वेगाने धावत राहतं. परवा मी होडीत होते तेव्हा धक्क्याला चांगलीच धडक बसली आणि शाळेच्या बाई पिशवीसकट माझ्या मांडीवर आल्या. हे म्हणाले, "इंजिन म्हातारपणी तरुण झालंय."

जेवणाची हेळसांड करू नका.

तुमची वहिनी

९ मार्च

वहिनी,

रुसलो नव्हतो, कामात बुडालो होतो. म्हणजे थोडा रुसलोही होतो, पण तो विषय वेगळा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दादाला सांगा, इंजिन तरुण झालेलं नाही, त्याला ताप आलाय. तुम्ही जी जी खुशीची लक्षणं लिहिलीत ती सगळी आजाराची आहेत. वेग सहज घेणं, पेट्रोल कमी लागणं, रेस सोडली तरी वरच धावत राहणं. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय.

तुम्हाला समजेल असं सांगतो, म्हणजे तुम्ही दादाला समजावून सांगाल. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा एका प्रमाणात जावी लागते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की जाळ फार तापतो. पेट्रोल नुसतं जळत नाही, जाता जाता पिस्टनला गारही ठेवतं. आणि आपल्या इंजिनात ऑइल वेगळं जात नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं तेच. म्हणजे पेट्रोल कमी झालं की पिस्टनला गारवाही कमी आणि वंगणही कमी. ॲल्युमिनियमचा पिस्टन किती दिवस सोसेल? आमच्याकडे असे पिस्टन येतात. मेणबत्ती ओघळावी तशी त्यांची कड ओघळलेली असते.

दादाला दोन्ही प्लग काढून बघायला सांगा. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर माझी बडबड विसरून जा. खडूसारखं पांढरं असलं तर त्या सिलिंडरात गडबड आहे.

हे काम पत्रांनी नीट होत नाही. रविवारी सकाळी मी पैलकाठच्या धक्क्यावरच्या कचेरीत फोन करतो. दादाला तेवढा वेळ थांबायला सांगा. जुनं काही काढणार नाही, फक्त इंजिनाचं बोलेन.

तुमचा धाकटा दीर

१७ मार्च

भावोजी,

रविवारी तुम्ही फोन केला असणार. हे गेले होते. होडी बांधली आणि कचेरीच्या पायऱ्यांवरूनच परत फिरले. फोनवर बोलायला त्यांना नको असतं. तुमच्याशीच असं नाही, कुणाशीही नको असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एवढं माझं ऐका.

प्लग मात्र काढून बघितले. मीच उजेडात धरले होते. वरचा तुम्ही म्हणता तसा बिस्किटाच्या रंगाचा. खालचा पांढराफटक, पोरांनी पाटीवर घासावा असा. ह्यांनी तुमचं पत्र स्वतः वाचलं, बराच वेळ हातात धरून बसले. मग खालच्या कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. आता रेस सोडली की इंजिन शहाण्यासारखं खाली येतं. म्हणजे आजार बरा झाला ना?

तुम्ही दोघे एकमेकांशी बोलत नाही आणि मला मात्र इंजिनाची डॉक्टरीण करून ठेवलंय. शेडमधल्या बायका हसतात. परवा एकीने विचारलं, तुझ्या दिराचं पत्र काय म्हणतं, तर मी म्हटलं, खालच्या सिलिंडरला ताप आहे. ती म्हणाली, बाई, कुणाला दाखवलं का?

तुमची वहिनी

२१ मार्च

वहिनी,

आजार बरा झालेला नाही. दादाने तापाच्या माणसावर पांघरूण घातलंय.

गळती आहे तिथेच आहे. पेट्रोल वाढवल्यामुळे हळू चालताना प्रमाण जमल्यासारखं वाटतं, पण भर तलावात पूर्ण रेस दिली, वारा समोरून आला, होडी भरलेली असली की ते जमवलेलं प्रमाण कोसळतं. आणि गळती काही आहे तेवढी राहत नाही. आज केसाएवढी फट असते, थरथरून थरथरून मोठी होत जाते.

गळती शोधायची रीत अशी. होडी धक्क्याला बांधलेली असू द्या, इंजिन अगदी मंद चालू ठेवा. साबणाचं पाणी आणि एक ब्रश घ्या. कार्बोरेटर जिथे सिलिंडरला बसतो तिथल्या सांध्याला, मग प्रत्येक जोडाला, थोडं थोडं पाणी लावत जा आणि ऐका. जिथून हवा ओढली जातेय तिथे पाणी लागलं की इंजिनाचा सूर बदलतो. अडखळतं, ठसका लागल्यासारखं होतं. सूर बदलला की तिथली फट बुजवणारं पॅकिंग गेलं म्हणायचं. आणखी एक. पूर्ण रेसमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो का, तेही दादाने कान देऊन ऐकावं. ते नॉकिंग, म्हणजे आत पेट्रोलचे अवेळी होणारे स्फोट. तो आवाज आला तर तिथेच इंजिन बंद करून वल्ही काढावीत, मग होडीत कोणी का असेना.

ही तपासणी होईपर्यंत माणसं नेऊ नका.

फोनचं म्हणाल, तर मला समजलं. मी गाव सोडलं त्या दिवशी धक्क्यावरून दादाला दोनदा हाक मारली होती. माझ्याकडे पाठ करून उभा होता, वळला नाही. दोर गुंडाळत राहिला. होडीचं काम सोडून शहरात चाललो ह्याचा राग असेल, असू दे. पण आता इंजिनाच्या बाबतीत तरी माझं ऐक म्हणावं.

तुमचा दीर

२९ मार्च

भावोजी,

ह्यांनी तपासणी केली. शनिवारी दुपारी साबणाचं पाणी घेऊन एकटेच गेले होते, मी शेडमध्ये अडकले होते. सगळ्या सांध्यांना पाणी लावलं म्हणाले. काही फरक पडला नाही म्हणाले. खडे हलवल्यासारखं काही येतं का विचारलं, तर नाही म्हणाले.

मी तुम्हाला जसंच्या तसं कळवलं.

माणसं नेऊ नका म्हणून तुम्ही लिहिलंत, ते कारखान्यात बसून लिहायला सोपं आहे. रस्त्याने तलावाला वळसा घालायचा तर जायला-यायला अख्खा दिवस जातो. शिंप्याच्या बायकोच्या गुडघ्यांना आठवड्याला इंजेक्शन आहे. शाळेच्या बाई आल्या नाहीत तर पोरं उंडारतात. तरी दोन दिवस होडी बांधून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी शिंपी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, अस्तराचं कापड संपलंय, अर्धं गाव एका बाहीचं फिरेल." हे हसले आणि उठले.

त्या दिवशीच्या हाकेचं तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल मला काही सांगायचं आहे. पण ते समोरासमोर सांगेन.

तुमची वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

बरं वाटलं. साबणाच्या पाण्याने फरक पडला नाही म्हणजे सांधे शाबूत असणार. पांढरा प्लग कदाचित पेट्रोलच्या वाटेत कचरा अडकल्याने झाला असेल, स्क्रू फिरवताना तो निघूनही गेला असेल. दुसऱ्या कोणी तपासलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण दादाचा कान मला ठाऊक आहे. मी लहान असताना हा घरात जेवता जेवता, लांब तलावात चाललेल्या होडीचा कुठला सिलिंडर चुकतोय ते सांगायचा. त्याने ऐकलं आणि नाही म्हणाला, म्हणजे नाही.

तरी मनाच्या समाधानासाठी दोन्ही कार्बोरेटरची नवी पॅकिंगं पार्सलने पाठवतोय. सवडीने बदलून घ्यावीत. तोवर पूर्ण रेस देऊ नये.

समोरासमोर सांगायचं ते काय आहे? आता मला झोप लागायची नाही.

दीर

२६ एप्रिल

भावोजी,

शिंपी गेला.

कसं लिहायचं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. मागच्या मंगळवारी संध्याकाळच्या खेपेला होडी बाजारगावाहून निघाली. सातजण होते. मी नव्हते. वारा सुटला होता, समोरून लाटा येत होत्या, म्हणून ह्यांनी पूर्ण रेस दिली. शाळेच्या बाई सांगतात की त्या मागच्या फळीवर बसल्या होत्या आणि इंजिनातून कधीपासून काहीतरी खडखडत होतं. त्यांना वाटलं, कुठला तरी पत्रा सैल असेल. ह्यांचं तोंड शांत होतं म्हणून त्याही शांत बसल्या. मग एकदम किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन जाम होऊन बंद पडलं.

वल्ही दोनच. वाऱ्याने होडी जुन्या बांधाच्या दगडांवर नेली. तिथे ती आडवी झाली. पाणी फार खोल नाही हो तिथे, पण दगड शेवाळलेले आणि थंडी अशी की श्वास अडकावा. ह्यांनी भाजीवाल्या दोघी काढल्या, शाळेच्या बाईंना काढलं. शिंप्याच्या पाठीला कापडाचा गठ्ठा बांधलेला होता. तो भिजून जड झाला. हे दोनदा बुडी मारून आले. तिसऱ्यांदा त्यांना बाकीच्यांनी धरून ठेवलं.

तुम्ही पाठवलेली पॅकिंगं घरात फळीवर आहेत. येत्या रविवारी बसवणार होते.

जलवाहतूक कचेरीचे साहेब आले होते. ह्यांचा परवाना काढून घेतलाय. पेट्रोलमध्ये ऑइल घातलं नसेल, निष्काळजीपणा असेल, असं ते म्हणतात. जूनमध्ये चौकशी आहे. इंजिन का बंद पडलं ह्याचा एखाद्या मान्य कारखान्याकडून दाखला आणा, असं सांगितलंय. इथल्या मेकॅनिकने इंजिन उघडून दिलं, लिहून द्यायला मात्र तयार नाही. दोन्ही पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर सगळं पेटीत भरून तुमच्याकडे पाठवतेय. काही सुटू नये म्हणून मीच भरलं. खालच्या पिस्टनला बोट लागलं तर कापलं.

हे जेवतात, झोपतात, खेपेच्या वेळी धक्क्यावर जाऊन बसतात.

वहिनी

१० मे

वहिनी,

पेटी मिळाली. शिंप्याचं वाचलं. माझा पहिला शर्ट त्याने शिवला होता. दोन दिवस पेटी उघडलीच नाही. मग उघडली.

वरचा पिस्टन ठीक आहे. खालच्याची एक्झॉस्टकडची कड खाऊन टाकल्यासारखी गेलीय आणि माथ्याला करंगळी जाईल एवढं भोक आहे. भोकाच्या कडा वितळून वळलेल्या. सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियम चिकटलंय, रिंगा खाचेत रुतल्यात. ऑइल घातलं नव्हतं हे खोटं. तसं असतं तर दोन्ही पिस्टन सारखेच गेले असते. वरच्याला वंगण व्यवस्थित पोचलेलं दिसतं. खालच्या कार्बोरेटरचं पॅकिंग एका बाजूने फाटलंय आणि तिकडचा नट ढिला आहे. फटीच्या तोंडाशी धातू स्वच्छ झालाय, हवेने घासून घासून. गळती तिथेच होती. म्हणजे मी सांगितलं होतं तोच पहिला सांधा.

हे सगळं दाखल्यात येईल. सही आमच्या थोरल्या मिस्त्रींची असेल, त्यांनी स्वतः भिंग लावून पिस्टन बघितलाय. आणि बघताना ते जे म्हणाले, ते तुम्हाला विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

पिस्टनच्या माथ्यावर बारीक बारीक टोचे आहेत, सुईने टोचल्यासारखे. ते नॉकिंगचे. ते एका दिवसात पडत नाहीत. मिस्त्री म्हणाले, "हा बिचारा कितीतरी दिवस ओरडत होता. चालवणारा बहिरा होता का?" त्यांनी चेष्टेत म्हटलं. मी हसलो नाही. मला एकदम सगळं आठवायला लागलं. एवढ्या फटीला साबणाचं पाणी लावल्यावर इंजिन ठसकलं नाही असं होणारच नाही. शाळेच्या बाईंना ऐकू येणारी खडखड दादाला ऐकू आली नाही. फोनला तो उभा राहत नाही. शिंप्याचं सगळं तो ऐकून घेतो.

वहिनी, दादाला ऐकू येतं ना?

दीर

१८ मे

भावोजी,

नाही येत.

आधी उजवा कान गेला, मग डावा. इतकी वर्षं त्या इंजिनाला पाठ लावून बसले, दुसरं काय होणार. तुम्ही गेलात तेव्हाच निम्मं गेलं होतं. आता समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून ओळखतात. शिंपी होडीत चहूकडे तोंड फिरवून बोलायचा, त्याच्या गोष्टींतली त्यांना एकही कळायची नाही. माणसाचं तोंड हललं की मान हलवायची, एवढं त्यांनी शिकून घेतलं होतं. त्या दिवशी धक्क्यावर तुमची हाक त्यांना ऐकू गेली नव्हती. ते पाठ करून उभे होते, कारण डोळे भरले होते आणि धाकट्या भावासमोर ते दाखवायचे नव्हते. मग वळले तर दुसऱ्याच्या होडीत तुम्ही तोंड फिरवून बसलेले. घरी येऊन मला म्हणाले, "साधं येतोसुद्धा म्हणाला नाही." तुमची बाजू मला तुमच्या पत्रातून कळली. मी त्यांना ते पत्र वाचायला दिलं नाही. ऐकू येत नाही हे तुम्हाला लिहायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. तुम्ही परत याल, होडी ओढायला, दया म्हणून. ते त्यांना नको होतं.

परवान्याची तपासणी दरवर्षी असते. डॉक्टर मागे उभे राहून पुटपुटायचे, मी समोर उभी राहून ओठ हलवायचे. मलाही ते इतकं सोपं वाटायला लागलं होतं.

तुमचं साबणाच्या पाण्याचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं, हे काम कानाचं आहे. शेडमध्ये अर्धा दिवस रजा मागून मी शेजारी उभी राहिले असते तर. आता तर मोजत बसण्यात काही अर्थ नाही, तरी मी मोजते.

एक मागते. दाखल्यात पॅकिंगचं लिहा, नटाचं लिहा, ऑइलचं लिहा. टोच्यांचं लिहू नका. गळती कुठल्याही इंजिनाला होते, अचानक होते. परवाना आता मला नकोच आहे. पण लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं तर ते उभे राहणार नाहीत. तुम्ही भाऊ आहात.

वहिनी

२५ मे

वहिनी,

दाखला सोबत आहे. पिस्टनवर जे आहे ते सगळं त्यात आहे, टोच्यांसकट. मी ते वगळून एक मसुदा लिहिला होता. मिस्त्रींकडे सहीला नेताना अर्ध्या जिन्यातून परत फिरलो. शिंप्याच्या बायकोला उद्या कोणी हा पिस्टन दाखवला, तर तिलाही ते टोचे दिसतील.

दादाचे कान पिस्टनवर दिसत नाहीत. ते मी लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे दादाचं दादाने ठरवावं. त्याला हे पत्र दाखवा. आधीची सगळीसुद्धा दाखवा, हाकेचं आहे तेही.

तुम्ही एकट्या मोजू नका. तो नाही म्हणाला एवढ्यावर मीही खुशाल झोपलो. त्याच्या कानाचं कौतुक लिहून पाठवलं. पॅकिंग बदलेपर्यंत होडी बांधूनच ठेवा, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दीर

९ जून

धाकट्या,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. ही चिडवते की माझं अक्षर दोर सुटल्यासारखं आहे. सांभाळून घे.

सगळी पत्रं वाचली. दोनदा हाक मारलीस, ते वाचलं. तिथून पुढे वाचायला वेळ लागला.

तुला खोटं कळवलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. कान गेल्यापासून इंजिन मला हाताला कळायचं. दांड्यातून थरथर येते, ती बदलली की काय बिघडलंय ते मी सांगायचो, आणि ते बरोबर निघायचं. साबणाचं पाणी लावलं तेव्हा एक हात दांड्यावरच होता. हाताला फरक लागला नाही. म्हणून फरक नाही म्हणालो. त्या संध्याकाळीही हाताला सगळं नीटच लागत होतं. उलट नेहमीपेक्षा गुळगुळीत.

चौकशी शाळेच्या खोलीत झाली. साहेब दाखला वाचत होते, ही माझ्यासमोर बसून ओठांनी मला सांगत होती. टोच्यांपाशी साहेब थांबले. त्यांनी मला काहीतरी विचारलं. हिने ते ओठांवर आणलंच नाही. मला म्हणाली, घरी चला. मग मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मला ऐकू येत नाही. बऱ्याच वर्षांपासून येत नाही. इंजिन ओरडत होतं, मला कळलं नाही. कळलं असतं तर शिंपी जिवंत असता."

परवाना गेला. खटला होणार की नाही ते वर ठरेल. त्याचं काही नाही.

मला जे लिहायचंय ते पुढे आहे. शिंप्याची बायको मागच्या बाकावर बसली होती. मी बोलून बसलो, तर ती उठून पुढे आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. ती कधी चार शब्दांच्या वर बोललेली मी पाहिली नाही, नवराच सगळं बोलून टाकायचा. त्या दिवशी ती खूप बोलली. रडत नव्हती, हातवारे करत नव्हती. पदराने तोंड अर्धं झाकलं होतं, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. आणि मी काय करत होतो, तर मान हलवत होतो. सवयीने. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं, तेव्हा थांबवली. ती निघून गेली. मी कशाकशाला हो म्हणालो, मला माहीत नाही.

घरी येऊन हिला विचारलं. म्हणाली, "काही विशेष नाही, दुःखात माणूस बोलतं." मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. रडण्याचा आवाज बुडवायला. आवाज मला कळत नाही, पाठ दिसते.

शाळेच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला नीट आठवत नाही. खोलीत वीस माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. रस्त्यात माझ्याकडे बघतात आणि मग जमिनीकडे बघतात. फक्त मलाच माहीत नाही आणि ती माझ्याशीच बोलली होती.

तुझ्याकडून मला इंजिनाचं काही नको. होडी आता काठावर पालथी आहे, राहू दे तशीच. तू कधी आलास तर हिला खोदून विचार. तुला ती सांगेल. मग ते मला सांग. काहीही असू दे.

दादा

१४ जून

दादा,

पत्र आज मिळालं. कारखान्यात सांगून टाकलंय, शुक्रवारी निघतो. होडी नाही म्हणजे वळसा घालूनच यावं लागेल, रात्र होईल पोचायला. वहिनींना जागत बसू नका म्हणावं.

वहिनींना मी काही विचारणार नाही. ऐकलेलं आधीच त्यांना जड झालेलं आहे, ते त्यांच्याकडून उचकटून घ्यायचं नाही. आणि त्या सांगतील ते थोडं मऊ करूनच सांगतील. तुझ्याशी त्या तसंच वागणार.

आपण दोघे शिंप्याच्या घरी जाऊ. तू त्या बाईंना सांग की तुम्ही बोललात त्यातलं मला काही कळलं नाही, मी हो म्हणालो ते न कळता म्हणालो, पुन्हा बोलाल का. एवढं तू बोल. पुढचं माझ्यावर सोड. मी तुझ्या शेजारी कागद घेऊन बसेन आणि त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून तुझ्यासमोर धरत जाईन. शिव्या असल्या तर शिव्या. एक शब्द गाळणार नाही, एक शब्द घालणार नाही.

त्या दार उघडतील असं मी धरून चाललेलो नाही. नाही उघडलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊ.

तुझा धाकटा